बंद मशीनमध्ये पाणी भरतंय: बोर्ड की व्हॉल्व्ह, आणि व्हॉल्व्ह घरी कसा बदलायचा

कुपवाडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचं सात वर्षांचं टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक मशीन आहे. रात्री बंद करून झोपलं की सकाळी टबात वीतभर स्वच्छ पाणी साठलेलं असतं. पाणी बोअरचं, टाकी गच्चीवर. बघायला आलेल्या मेकॅनिकने सांगितलं, ‘बोर्ड गेलाय, पाच-साडेपाच हजार होतील, त्यातच व्हॉल्व्हपण बदलून घ्या.’ बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, खरंच गेलाय का, आणि व्हॉल्व्ह, म्हणजे मशीनमध्ये पाणी सोडणारी झडप, भावाच्या मदतीने घरीच बदलता येईल का, असे दोन प्रश्न आहेत. सांगली-मिरज-कुपवाडात मशिनं दुरुस्त करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताई, बोर्डाला पैसे देण्याआधी एक रात्र थांबा. आज संध्याकाळी टब रिकामा करा, आतून फडक्याने कोरडा पुसा आणि मशीनची पिन सॉकेटमधून बाहेर काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. मशीनचा नळ मात्र चालू राहू द्या. सकाळी टबात पाणी दिसलं तर बोर्डाचा काही संबंध नाही. मशीनला वीजच नाही तर बोर्ड पाणी सोडणार कसा? मग दोष बहुधा व्हॉल्व्हच्या पोटात आहे, आणि तो काही शे रुपयांत मिळणारा पार्ट आहे.

उलट, पिन काढल्यावर टब कोरडा राहिला आणि पिन लावताच, बटण बंद असूनही, पाणी यायला लागलं, तर मेकॅनिकचं बरोबर असू शकतं. बोर्डावर व्हॉल्व्हला वीज देणारा ट्रायक नावाचा एक बारका पार्ट असतो. तो शॉर्ट झाला की व्हॉल्व्हला सतत वीज मिळते. बऱ्याच मशिनांत समोरचं बटण बंद असलं तरी बोर्डापर्यंत वीज आलेलीच असते, म्हणून पिन काढायचा आग्रह. अशा वेळी नवा व्हॉल्व्ह टाकला तरी तोही पाणी सोडतच राहणार. पण तिथेही ‘अख्खा बोर्ड बदला’ हे लगेच मान्य करू नका. नुसता ट्रायक बदलून देणारे कारागीर आहेत. बोर्ड वरून रबरासारख्या पदार्थात बुडवलेला असेल तर ते काम किचकट होतं, कोणी नाही म्हणालं तर त्याला दोष देता येणार नाही.

आणखी एक शक्यता लोकांच्या डोक्यातच येत नाही. दुसऱ्या रात्री नळ बंद ठेवून बघा. नळ बंद असूनही टबात पाणी आलं, आणि ते गढूळ, साबणाचं किंवा वास येणारं असलं, तर ते सांडपाण्याच्या पाईपातून उलटं आलंय. मशीनचा ड्रेन पाईप बेसिनच्या किंवा मोरीच्या लाईनमध्ये खोल खुपसून वरून सिमेंट नाहीतर एम-सील फासलेलं असेल आणि ती लाईन पुढे तुंबली असेल, की असं होतं. फ्रंट लोडमध्ये हे जास्त पाहिलंय. तिथे व्हॉल्व्ह आणि बोर्ड दोन्ही बदलूनही पाणी येतच राहील.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे रोज थोडं थोडं, रात्रभरात वीतभर, स्वच्छ पाणी, मला तरी व्हॉल्व्हच वाटतो. ट्रायक शॉर्ट झाला असता तर पाणी थेंब थेंब न येता धो धो आलं असतं आणि सकाळी घरभर तळं झालं असतं.

आता हा व्हॉल्व्ह आहे तरी काय, ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. नळाचा पाईप मशीनच्या पाठीमागे ज्या प्लॅस्टिकच्या आट्यांवर बसतो, तोच व्हॉल्व्हचा पुढचा भाग. त्या तोंडातच बारीक जाळी असते. आत रबराचा गोल पडदा. पडद्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढं एक भोक आणि बरोबर मध्यभागी दुसरं. मधल्या भोकावर लोखंडाची छोटी दांडी स्प्रिंगने दाबून बसलेली असते आणि दांडीभोवती कॉईल, म्हणजे तारेचं वेटोळं.

लोकांना वाटतं ही दांडी पाण्याला अडवते. ती बिचारी एवढ्याशा भोकापुरती. पाण्याला अडवतं ते पाणीच. कडेच्या भोकातून थोडं पाणी पडद्याच्या वर जातं आणि तिथे साठतं. वरच्या बाजूला पडद्याच्या पूर्ण आकारावर पाण्याचा दाब असतो, खालच्या बाजूला फक्त कडेच्या कड्यावर, त्यामुळे पडदा खाली घट्ट बसून राहतो. बोर्डाने कॉईलला वीज दिली की दांडी वर ओढली जाते, मधलं भोक उघडतं, वरचं पाणी निसटतं आणि खालच्या पाण्याच्या जोराने पडदा उचलला जातो. पाणी सुरू. वीज बंद झाली की स्प्रिंग दांडीला परत भोकावर बसवतं, वर पुन्हा पाणी साठतं आणि पडदा बसतो.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि आपल्या भागातल्या व्हॉल्व्हच्या बहुतेक तक्रारी या दोनांतच येतात.

पहिली म्हणजे कडेचं ते बारीक भोक. त्यात वाळूचा कण किंवा क्षाराचा खडा अडकला की पडद्याच्या वर पाणी साठायलाच वेळ लागतो, कधी साठतच नाही. पडदा मग बसत नाही, वीज असो वा नसो. पडद्याच्या बसायच्या जागेवर कण चिकटला तरी तेच, फक्त धारेऐवजी थेंब. कुपवाड-मिरजेकडे बोअरवर चालणाऱ्या मशीनची जाळी काढली की ती पांढरी, खरखरीत निघते. सांगलीत गावभागात, हरिपूर रोडला, जिथे कृष्णेचं पाणी येतं, तिथली जाळी तपकिरी, चिखलाची, विशेषतः पावसाळ्यात नदी गढूळ झाली की किंवा पाईपलाईन फुटून दुरुस्त झाली की. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर बुडालेली मशिनं दुकानासमोर रांगेने उभी होती. त्यातल्या कितीतरी कॉईली वाळवल्यावर मीटरवर ठीक दाखवत होत्या, पण व्हॉल्व्हच्या आत गेलेला गाळ इतका बारीक होता की धुऊन बसवलेला पडदा पुन्हा गळायचाच. तेव्हापासून पुरात बुडालेल्या मशीनचा व्हॉल्व्ह मी धुवायच्या भानगडीत पडत नाही, सरळ बदलतो.

दुसरी गोष्ट दाबाची. पडदा पाण्याच्या दाबाने बसतो, म्हणजे दाब कमी असेल तर तो नीट बसणार नाही. हे लोकांना उलटं वाटतं. दाब जास्त असला की गळेल असं त्यांचं गणित असतं. पण हे व्हॉल्व्ह साधारण ०.३ बार ते ८ किंवा १० बार दाबासाठी बनवलेले असतात, आणि बहुतेक व्हॉल्व्हच्या अंगावर ते मेगापास्कलमध्ये छापलेलंही असतं, ०.०३ ते ०.८ असं काहीसं. दहा मीटर उंचीच्या पाण्याने एक बार दाब मिळतो. म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी व्हॉल्व्हपेक्षा तीन मीटर, दहा फूट वर हवी. गच्चीवर टाकी आणि तळमजल्यावर मशीन असेल तर हे सहज जमतं. पण मशीन वरच्या मजल्यावर आणि टाकी नुसती स्लॅबवर ठेवलेली, तर उंची पाच-सहा फूटच उरते. गच्चीवरच्या खोलीत मशीन ठेवणाऱ्यांची तर त्याहून कमी. मग टाकी भरलेली असताना सगळं ठीक आणि टाकी तळाला गेली की टपटप, असा खेळ सुरू होतो. ताई, तुमचं मशीन कोणत्या मजल्यावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर असेल तर नवा व्हॉल्व्ह घेताना कमी दाबाचा मागा. दुकानदार त्याला ‘झिरो प्रेशर’ म्हणतात. शून्य दाबावर काहीच चालत नाही, पण गच्चीच्या टाकीसाठी तो बरा पडतो. तुमच्या मॉडेलला तो बसत नसेल तर टाकी तीन-चार फूट उंच स्टँडवर घेणं किंवा छोटा प्रेशर पंप लावणं, हे दोन उपाय राहतात. पंप घेतलात तर आपोआप सुरू-बंद होणारा घ्या.

पाणी येतच नाही, ही उलटी तक्रारही इथेच उरकतो, कारण तिच्यातही उगाच व्हॉल्व्ह बदलले जातात. एलजीच्या मशीनवर ‘आयई’ किंवा सॅमसंगवर ‘४सी’, ‘४ई’ असं आलं म्हणजे व्हॉल्व्ह गेला असं नाही. ठरलेल्या वेळात पुरेसं पाणी भरलं नाही, एवढंच मशीन सांगतंय. आधी नळाचा पाईप मशीनकडून सोडा आणि बादलीत धरा. दहा लिटरची बादली मिनिटभरात भरली तर उत्तम. तीन-चार मिनिटं लागत असतील तर दोष नळात, लाईनमध्ये किंवा टाकीत शोधा. बादली झटकन भरते पण मशीनमध्ये धार बारीक, तर जाळी तुंबलीय. मशीन ‘गुंऽऽ’ असा आवाज करतं पण पाणी नाही, तर कॉईलला वीज मिळतेय, जाळी किंवा दांडी अडकलीय. आवाजही नाही, तर कॉईल तुटली असेल किंवा वीज पोचत नसेल. फ्रंट लोडमध्ये दाराचं लॉक नीट लागलं नाही तरी पाणी सुरू होत नाही, ते विसरू नका. आणि पाणी येतंय पण टब भरत नाही, तर फ्रंट लोडचा ड्रेन पाईप जमिनीवर लोळतोय का ते बघा. तो खाली असला तर आलेलं पाणी तिकडून निघून जातं. टॉप लोडच्या ड्रेनच्या झडपेत नाणं, हेअरपिन, बटण अडकणं हेही नेहमीचंच. सेमी ऑटोमॅटिकवाल्यांनी हे सगळं सोडून द्यावं. त्यांच्या मशीनमध्ये असा विजेवरचा व्हॉल्व्हच नसतो.

जाळीबद्दल थोडं रागानेच लिहितो. पाणी कमी येतं म्हणून जाळी काढून फेकून देणारे प्लंबर आणि मेकॅनिक दोन्ही आहेत. त्या दिवशी पाणी जोरात येतं, गिऱ्हाईक खूश, पैसे घेऊन गडी मोकळा. पुढे जो कण जाळीने अडवला असता तो थेट पडद्यात. ताई, तुमच्या मशीनचा पाईप सोडून व्हॉल्व्हच्या तोंडात मोबाईलचा टॉर्च मारून बघा. जाळी नसेल, तर पाणी का गळतं ते कळलंच.

जाळी असेल तर तिच्या मध्यभागी एक छोटं बोंड असतं. नोज प्लायरने ते धरून सरळ बाहेर ओढा. आतून स्क्रू ड्रायव्हरने कोरू नका, ती फाटते. जुन्या टूथब्रशने धुवा. क्षाराची असेल तर लिंबाच्या फुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) कोमट पाण्यात तासभर ठेवा, पांढरं सुटून येतं. काही व्हॉल्व्हमध्ये जाळीच्या मागे रबराची एक चकती असते, ती निघाली तर ज्या बाजूने होती त्याच बाजूने परत बसवा. तिचं काम जास्त दाबाला धार आवरणं हे आहे. जाळी साफ करून दोन-तीन वेळा पाणी भरल्यावर गळती थांबली तर नवा व्हॉल्व्ह आणायची गरजच नाही. धारेबरोबर कण निघून गेलेला असतो. असं होतं, पण रोज होत नाही.

व्हॉल्व्ह खोलून आतला पडदा साफ करावा का, असं पुष्कळ जण विचारतात. जुन्या व्हॉल्व्हना वर स्क्रू असायचे, तेव्हा आम्ही करायचो. आताचे बहुतेक खटक्यात दाबून बंद केलेले असतात. खोलताना खटका मोडतो, आणि सात वर्षं जड पाण्यात राहिलेलं रबर कडक झालेलं असतं, ते धुऊन मऊ होत नाही. काही शे रुपये वाचवायला घरात पाण्याचा धोका कशाला घ्यायचा?

आता खरेदी. दुकानात नुसतं ‘वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह द्या’ म्हणून जाऊ नका. जुना काढून हातात घेऊन जा, नाहीतर मशीनच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर आणि जुन्या व्हॉल्व्हचे सगळ्या बाजूंनी फोटो. तोंडं किती, म्हणजे एक कॉईल की दोन की तीन. पाणी बाहेर पडायची नळी सरळ रेषेत की काटकोनात. स्क्रूची भोकं कुठे. मागच्या नळीची जाडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉईलवर छापलेले व्होल्ट. आपल्याकडच्या बहुतेक मशिनांत २२० ते २४० व्होल्टच्या कॉईली असतात, पण कमी व्होल्टच्या डीसी कॉईलीही येतात. दिसायला सख्खी भावंडं, आणि चुकीची लावली की पहिल्याच पाण्याला जळते. दुकानात दोन किमतींचे मिळतील. स्वस्तातला हातात घेऊन आटे बघा. कडेला प्लॅस्टिकची भुसकट लागलेली असेल, आटे बोथट असतील, तर महागाचा घ्या. हा पार्ट रात्रंदिवस पाण्याच्या दाबाखाली राहणार आहे, इथे शंभर-दीडशे वाचवून उपयोग नाही.

मशीन वॉरंटीत असेल तर पुढचं वाचू नका, कंपनीला फोन करा. ताई, तुमची वॉरंटी संपली असणारच, म्हणून सांगतो.

लागणारं सामान म्हणजे स्टार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, नोज प्लायर, मग किंवा उथळ भांडं, दोन जुने टॉवेल आणि फोटो काढायला मोबाईल. मल्टिमीटर असला तर चांगलंच, नसला तरी गळणाऱ्या व्हॉल्व्हसाठी त्याची गरज नाही.

पिन काढा आणि ती डोळ्यासमोर राहील अशी मशीनच्या झाकणावर ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी चुकून लावणार नाही. नळ बंद करा. मशीनसाठी वेगळा कॉक नसेल तर गच्चीवरचा मुख्य कॉक बंद करावा लागेल, आणि तो वर्षानुवर्षं फिरवलेला नसला तर जाम असतो. आदल्या दिवशीच फिरवून बघा. पाईपातलं पाणी उतरवायला मशीनजवळचा दुसरा एखादा नळ सोडून ठेवा. मग भांडं खाली धरून पाईप हाताने सोडा. आत लिटरभर तरी पाणी निघतं, आणि त्याच्या खालीच तुमचा सॉकेट बोर्ड असेल तर मशीन आधी पुढे ओढून घ्या.

टॉप लोडमध्ये व्हॉल्व्ह मागच्या बाजूला, बटणांच्या पॅनेलखाली असतो. पॅनेलचे स्क्रू कधी पाठीमागे असतात, कधी पुढे प्लॅस्टिकच्या छोट्या टोप्यांखाली लपवलेले. मॉडेलनुसार बदलतं, त्यामुळे जोर लावायच्या आधी सगळे स्क्रू निघालेत का ते पुन्हा तपासा. पॅनेल उचलताना हळू. खाली वायरी असतात आणि टबातून वर आलेली पाण्याच्या पातळीची बारीक नळीही. ती नळी निसटली किंवा चिरली तर मशीनला टब भरलाय हेच कळत नाही आणि ते पाणी घेतच राहतं. मग व्हॉल्व्ह नवा असूनही टब ओसंडून वाहतो, आणि पार्ट खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण. फ्रंट लोडमध्ये काम सोपं. मागचे दोन स्क्रू काढायचे, वरचं झाकण मागे सरकवून उचलायचं, व्हॉल्व्ह समोर.

काही हलवायच्या आधी फोटो काढा. वायरी कोणत्या रंगाच्या, कोणत्या कॉईलला, नळी कोणत्या तोंडाला. दोन-तीन कॉईलींच्या व्हॉल्व्हमध्ये हे बदललं तर सॉफ्टनरच्या खणात धुण्याचं पाणी जातं आणि साबण तसाच राहतो. वायर काढताना तिला धरून ओढू नका, टोकाचं लग, म्हणजे धातूची टोपी, नोज प्लायरने धरून हलवत हलवत काढा. काहींना खटका असतो, तो दाबावा लागतो. मीटर असेल तर आत्ताच २० केच्या (वीस किलो ओहमच्या) रेंजवर कॉईल मोजून घ्या. २२०-२४० व्होल्टची चांगली कॉईल साधारण साडेतीन ते पाच किलो ओहम दाखवते. मीटर डाव्या बाजूला नुसता एक दाखवत राहिला तर कॉईल तुटलेली. डीसी कॉईलचा आकडा यापेक्षा बराच कमी येतो, ते बघून घाबरू नका. दोन वायरी जोडून व्हॉल्व्हला थेट लाईट देऊन ‘टक’ वाजतं का बघायची पद्धत आमच्यातही आहे. घरी हे अजिबात करू नका. पाणी आणि उघडी वायर एकाच ठिकाणी, आणि अनेक घरांत अर्थिंगची तार सॉकेटमध्ये नुसती नावाला असते.

मागच्या नळीची स्प्रिंग क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवा आणि नळी फिरवत काढा. घट्ट बसली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून दोन मिनिटं थांबा. नळीचं टोक कडक होऊन चिरलेलं असेल तर तेवढं अर्धा-पाऊण इंच कापून टाका, लांबी पुरत असेल तर. व्हॉल्व्हचे स्क्रू काढले की तो मोकळा. नवा त्याच जागी बसवा, नळी पूर्ण आत सरकवा, क्लिप फुगवट्याच्या मागे आणा, लग ‘टक’ होईपर्यंत दाबा. फोटोशी जुळवून बघा.

पाईप परत जोडताना सगळ्यात जास्त व्हॉल्व्ह मारले जातात. इथे पाणी अडवतं ते पाईपाच्या टोपीतलं रबरी वायसर, आटे नव्हेत. म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळून काही फायदा नाही. उलट टेपमुळे टोपी तिरकी चढते, मग गळतं, मग पाना घेऊन आवळतात, मग प्लॅस्टिकला बारीक तडा जातो. तो तडा त्या दिवशी दिसत नाही, पंधरा दिवसांनी मागून झिरपायला लागतो. वायसर बोटाने चाचपा. कडक किंवा चपटं झालं असेल तर नवीन टाका, पाच-दहा रुपयांचं काम. टोपी आधी उलटी थोडी फिरवा, आटा ‘कट’ होऊन बसला की मग सुलटी फिरवा. हाताने पूर्ण घट्ट करा, त्यावर पक्कडीने पाव वेढा. बस. नळाकडच्या बाजूला पितळी कॉकच्या आट्यांवर प्लंबर टेप लावतो ते भिंतीतल्या जोडासाठी, ते ठीक आहे.

पॅनेल लगेच बंद करू नका. नळ अर्धा उघडा आणि पिन न लावता पाच-दहा मिनिटं बघा. व्हॉल्व्हच्या खाली टिश्यू पेपर धरा, तो डोळ्याआधी ओल पकडतो. नवा व्हॉल्व्ह पहिल्यांदा दाब मिळेपर्यंत दोन-चार थेंब टाकू शकतो, ते थांबलं पाहिजे. मग पॅनेल बसवा, हात कोरडे करा, पिन लावा आणि कपडे न टाकता छोटं वॉश लावून पाणी भरू द्या. पातळीला आल्यावर पाणी पटकन बंद व्हायला हवं. रात्री पुन्हा टब पुसून, पिन काढून, नळ चालू ठेवून झोपा.

नवीन व्हॉल्व्ह पहिल्याच रात्री गळला तर तीन शक्यता आहेत. दाब कमी आहे, हे वर लिहिलं. पाईप सोडताना आतला गंज-कचरा सुटून नव्या पडद्यात गेला, त्यासाठी पाईप जोडायच्या आधी त्यातून अर्धी बादली पाणी वाया घालवायचं, आणि ही सवय टाकी धुतल्यावर, लाईन दुरुस्त झाल्यावरही ठेवा. नाहीतर पार्टच खराब आहे, तो बिलासकट परत न्या. बिल घेतलं नसेल तर दुकानदाराच्या मर्जीवर.

तुमच्या बोअरच्या पाण्यासाठी नळ आणि मशीनच्या मध्ये लावायचा छोटा फिल्टर मिळतो. त्यात दोन प्रकार आहेत. एकात नुसती जाळी किंवा धाग्याची कांडी असते, ती वाळू-गाळ अडवते. दुसऱ्यात पॉलिफॉस्फेटचे खडे असतात. ते पाण्यातला क्षार काढत नाहीत, फक्त तो चिकटायला देत नाहीत, आणि खडे विरघळून संपले की बदलावे लागतात. एकदा लावला आणि विसरलात तर त्याचा काहीच उपयोग नाही. टाकी वरच्या मजल्यालगत असेल तर एक लक्षात ठेवा, प्रत्येक फिल्टर थोडा दाब खातो. तिथे फिल्टरऐवजी व्हॉल्व्हची जाळी दोन महिन्यांतून एकदा, पावसाळ्यात महिन्याला, धुतलेली बरी.

भाऊ येईपर्यंत कपडे धुणं थांबवू नका. धुऊन झालं की मशीनचा नळ बंद करत जा, एवढंच. मेकॅनिकला मात्र आत्ताच फोन करून बोर्ड मागवू नका म्हणून सांगा. एकदा मागवला की तो सहसा परत जात नाही.